तेल वाळूला लागायच्या आधी: किनारी ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांसाठी तयारीची वाट

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजा-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडलं. कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली, रायगडच्या किनाऱ्यावर आणि कांदळवनांत तेल शिरलं आणि नारळी पौर्णिमा तोंडावर असताना मुंबईत मासळीचं गिऱ्हाईक आटलं. वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ ला, कोळसा घेऊन निघालेलं रॅक कॅरियर हे जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडालं. त्याच पावसाळ्यात पवित नावाचं सोडून दिलेलं तेलवाहू जहाज वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात डिझेल पोटात घेतलेला एक बार्ज पालघरमध्ये वडराईजवळ खडकांवर चढला.

महिने पाहिलेत ना? मे ते ऑगस्ट. वारा किनाऱ्याकडे, समुद्र खवळलेला, आणि आपली यंत्रणा पूर, दरडी, विजेचे खांब यांत गुंतलेली.

तुम्ही किनाऱ्यावरच्या गावात नुकतेच सरपंच झाला असाल, ग्रामपंचायत अधिकारी म्हणून रुजू झाला असाल किंवा नगरपरिषदेत आपत्ती व्यवस्थापनाची फाईल इतर आठ फायलींबरोबर तुमच्या टेबलावर आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्या फाईलमध्ये वादळाचं पान असेल. तेलाचं पान बहुधा तुम्हालाच लिहावं लागेल.

हद्द कुणाची ते आधी समजून घ्या

राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्यानुसार समुद्रातली मुख्य जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाची. बंदराच्या हद्दीत बंदराची, तेलविहिरींभोवती ५०० मीटरपर्यंत त्या कंपनीची. किनाऱ्याला लागलेलं तेल मात्र राज्य सरकार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गळ्यात येतं. राज्य सरकार म्हणजे जिल्हाधिकारी, जिल्हाधिकारी म्हणजे तहसीलदार, आणि तहसीलदारांचा फोन येतो तो तुम्हाला. थोडक्यात, तरंगतं तेल त्यांचं, वाळूचं तेल आपलं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आहेत. कलम ३२ प्रमाणे स्थानिक संस्थेनेही स्वतःचा आराखडा करायचा असतो. कलम ४१ प्रमाणे माणसं प्रशिक्षित आणि साधनं तयार ठेवायची असतात. ‘आम्हाला वरून काही आलं नाही’ हे उत्तर कायद्याला चालत नाही.

गळतीचे तीन स्तर मानले जातात: ७०० टनांपर्यंत पहिला, १०,००० टनांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. या आकड्यांनी धीर धरू नका. सातशे टन कागदावर ‘लहान’ असतं. तुमच्या दोन किलोमीटरच्या वाळूवर त्यातलं दहा टन आलं तरी गावाची झोप उडते.

किनारा पायी फिरा, तोही ओहोटीला

आराखडा कार्यालयात बसून लिहिता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस निवडा, ओहोटी खोल असते तेव्हा फिरा, आणि सोबत कोळीवाड्यातलं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढलेलं एखादं जुनं माणूस घ्या. वाहून आलेलं प्रेत, लाकूड, सुटलेली होडी कुठे लागते हे त्यांना पाठ असतं. तेलही तिथेच लागतं.

फिरताना गावाचा नकाशा हातात ठेवून तीन रंग भरा: लाल म्हणजे तेलापासून आधी वाचवायचं, पिवळा त्यानंतर, हिरवा शेवटी.

लाल रंग कांदळवन, चिखलाचे पट्टे आणि खाडीच्या आतल्या बाजूला. इथे तेल एकदा शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही आणि काढायला गेलेली माणसं पायांनी ते आणखी खाली दाबतात. तिवरांची वर आलेली श्वसनमुळं तेलाने बुजली की झाड गुदमरतं. कालवं, शिंपल्या काढायच्या जागाही लालच. वेळास, आंजर्ल्यासारखं कासवांचं गाव असेल तर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत घरट्यांची वाळूही लाल.

पिवळा रंग गोट्यांच्या किनाऱ्याला, धक्क्यांना आणि सुकवणीच्या खळ्यांजवळच्या पट्ट्याला. हिरवा रंग घट्ट, बारीक वाळूच्या पुळणीला आणि लाटा थेट आपटतात त्या खडकांना. पर्यटकांना नेमकी उलटी यादी हवी असते: पुळण आधी स्वच्छ करा, खाडीचं नंतर पाहू. पहिल्या दिवशी आमदारांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे हेच म्हणतील. पुळण साफ होते, जरा उशिरा झाली तरी होते. खाडीला ती मुभा नाही. म्हणून हा क्रम ग्रामसभेत आधीच मंजूर करून घ्या. ऐन वेळी ठरावाचा कागद दाखवता येतो.

त्याच फेरीत आणखी तीन गोष्टी टिपा. ट्रॅक्टर वाळूपर्यंत कुठून उतरतो? गोड्या पाण्याच्या विहिरी कुठे आहेत? आणि खाडीचं तोंड सर्वांत अरुंद कुठे आहे, दोन्ही काठांना दोर बांधायला भक्कम झाड किंवा खांब आहे का?

तुसाची परीक्षा

हा प्रयोग मला सर्वांत आवडतो, कारण खर्च शून्य. भाताचं दोन-तीन पोती तूस घ्या आणि भरती सुरू होताना होडीतून खाडीच्या तोंडाबाहेर सोडा. तूस तेलासारखंच वरच्या थरातून वाहतं. शाळेतली मोठी मुलं काठाने उभी करा आणि कुठे किती तूस लागलं ते तासा-तासाने नकाशावर मांडा. उधाणाला एकदा आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, एकदा करा. दोन्ही नकाशे वेगळे निघतात.

समुद्रातल्या तेलाचा ढोबळ हिशोबही डोक्यात ठेवा. तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने जातं आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने वाऱ्याकडे ढकललं जातं. ताशी ४० किलोमीटरचा नैर्ऋत्य वारा असेल तर नुसत्या वाऱ्यानेच तासाला सव्वा किलोमीटर, दिवसाला तीसेक किलोमीटर. रॅक कॅरियर बुडालं ते वीस सागरी मैलांवर, म्हणजे ३७ किलोमीटरवर. म्हणजे पावसाळ्यात तिथे बुडालेल्या जहाजाचं तेल दीड दिवसात दारात येऊ शकतं. नेमका अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते आणि तो जिल्हा नियंत्रण कक्षामार्फत मागता येतो. तो येईपर्यंत या हिशोबाने माणसं हलवायला हरकत नाही.

बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कुंपण, याबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. प्रवाहाला आडवं लावलेलं बूम पाण्याचा वेग पाऊण नॉटच्या (ताशी साधारण १.४ किलोमीटरच्या) आसपास गेला की तेल खालून सोडून देतं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी उधाणाला प्रवाह याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून बूम आडवं नाही, तिरकं लावायचं: तेल अडवायला नव्हे, शांत पाण्याच्या ठरलेल्या कोपऱ्याकडे वळवायला. त्या कोपऱ्यात ट्रॅक्टर पोचतो का, हे तुमच्या नकाशात असलंच पाहिजे. खरं बूम जवळच्या बंदराकडून किंवा तटरक्षक दलाकडून येतं. ते येईपर्यंत लहान ओहोळाच्या तोंडाशी जुन्या जाळ्यात भाताचा पेंढा भरून बांबूला बांधलेला अडसर चालतो. पेंढा भिजला, तेलकट झाला की तोही कचराच. तेव्हा गरजेपुरताच वापरा.

खरा प्रश्न: तेलकट वाळू ठेवणार कुठे?

एका तालुक्याच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला होता. बूम किती, हातमोजे किती, सगळ्यांना ठाऊक होतं. वाळू कुठे टाकणार यावर आधी शांतता, मग ‘डंपिंगवर’ असं उत्तर. नाही, डंपिंगवर नाही. तेलकट वाळू, पेंढा, हातमोजे हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगण्यावरून तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रातच जातो. तिथे जाईपर्यंत कित्येक आठवडे तो तुमच्याकडे असतो.

आकडे मांडून पाहू. एक किलोमीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड पट्टा म्हणजे ४० घनमीटर, अंदाजे चौदा ब्रास. हाताने, पातळ थर खरवडून काढलात तर इतकंच. आता तिथे जेसीबी उतरवा. तो दोन सेंटिमीटर काढू शकत नाही, दहा काढतो. दोनशे घनमीटर, सत्तर ब्रास, त्यातली पाचपैकी चार हिस्से वाळू स्वच्छ, आणि चाकांनी उरलेलं तेल फूटभर खाली गेलेलं. वर वाळू गेल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात धूप होते ती वेगळीच. तरीही दर वेळी जेसीबी येतो, कारण फोटोत तो काम करताना दिसतो.

तात्पुरत्या साठवणीची जागा आताच ठरवा आणि तिचा सातबारा कुणाचा आहे ते पाहून लेखी संमती घ्या. उधाणाच्या रेषेच्या वर, विहिरी आणि ओढ्यांपासून दूर, ट्रकला रस्ता असलेली. चाळीस घनमीटर वाळू अर्धा मीटर उंच पसरली तर दहा मीटर बाय आठ मीटर जागा लागते. त्याच्या दुप्पट धरा. खाली जाड प्लास्टिक, कडेला मातीचा बांध, वरून ताडपत्री. पावसाचं पाणी आत गेलं की तेलकट पाण्याचा नवा ओढा सुरू होतो. वाळू, द्रव तेल, तेलकट जाळी-पेंढा आणि वापरलेले हातमोजे यांचे ढीग वेगवेगळे ठेवा. एकत्र झालं की विल्हेवाटीचा खर्च सगळ्यात महाग ढिगाच्या दराने लागतो.

पिंपं, प्लास्टिक आणि ताडपत्री कुणाकडून मिळेल, ट्रॅक्टर कुणाचे, दिवसाचं भाडं किती, हे दरपत्रक उन्हाळ्यातच मंजूर करून ठेवा. सामान विकत घेऊन गोदामात ठेवायचं असेल तर थोडंच ठेवा: सपाट फावडी, घमेली, जाड पिशव्या, गमबूट, तेल न शोषणारे नायट्राइलचे हातमोजे. सुती हातमोजे नकोत, ते तेल त्वचेला धरून ठेवतात.

बातमी आली. पहिले सहा तास

फोन बहुतेक वेळा मच्छीमाराचाच येतो: ‘समुद्रावर तवंग आहे.’ त्याला पाच गोष्टी विचारा: कुठे, किती वाजता, किती लांब-रुंद, रंग कसा, वास येतो का. मग तटरक्षक दलाचा १५५४, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि तहसीलदार. क्रम हाच. सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी, प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांना त्यानंतर कळवा.

रंगावरून अंदाज बांधता येतो. चंदेरी झाक म्हणजे अगदी पातळ थर. इंद्रधनुषी रंग दिसत असतील तर एका चौरस किलोमीटरला ३०० ते ५,००० लिटर. काळा, तपकिरी, जाड दिसणारा तवंग याच्या कैकपट असतो. म्हणून ‘समुद्र रंगीत दिसतोय’ यापेक्षा ‘काळी साय आहे’ हा फोन जास्त काळजीचा.

तेल अजून पोचलेलं नसेल तर एक काम लगेच करा, बहुतेक गावं ते विसरतात: किनारा झाडून घ्या. प्लास्टिक, लाकडं, शेवाळ, जुनी जाळी, सगळं उधाणाच्या रेषेच्या वर ओढा. तेल त्यावर बसलं की साध्या कचऱ्याचा घातक कचरा होतो. दोन तासांचं श्रमदान पुढचे कित्येक ट्रक वाचवतं. होड्या, जाळी वर घ्या. कोळंबीचे तलाव आणि मिठागरं असतील तर त्यांच्या मोऱ्या भरतीच्या आधी बंद करायला सांगा.

नमुना घ्या. स्वच्छ काचेची बाटली, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पन्नी, दोन साक्षीदार, पंचनामा, बाटलीवर वेळ आणि ठिकाण, आणि बाटली थंडाव्यात. तेल कोणत्या जहाजाचं हे प्रयोगशाळा त्यावरून जुळवून पाहू शकते. प्लास्टिकच्या बाटलीत घेतलेला नमुना वादात टिकत नाही.

साफसफाई: काय करायचं आणि काय अजिबात नाही

ताज्या तेलाच्या वाफा पहिल्या दिवशी सर्वांत वाईट. डोकं दुखलं, मळमळलं की माणूस बाहेर. वाऱ्याकडे पाठ करून काम करायचं. लहान मुलं आणि गरोदर बाया किनाऱ्यावर नकोत, हौशी स्वयंसेवकही नोंद केल्याशिवाय नकोत. हात-पाय साबणाने धुवा किंवा आधी खोबरेल लावून पुसा. रॉकेल-पेट्रोलने कधीच नाही. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरच्या गळतीत माणसं बादल्यांनी तेल उपसताना सगळ्या देशाने पाहिली. कष्ट खरे होते. तयारी मात्र नव्हती.

काम स्वच्छ बाजूकडून तेलाकडे करत न्या. येण्या-जाण्याची एकच वाट ठेवा आणि तिथेच बूट धुवा-बदला. जाड तेल सपाट फावड्याने, पातळ थर खरवडून. मोठा ढीग नको, अर्धी पिशवी भरा: ओली वाळू जड असते, पूर्ण भरलेली पिशवी फाटते. तेल अजून येतच असेल तर रोज रोज घासून काढण्यात अर्थ नाही; मोठा लोंढा येऊन जाऊ द्या, मग भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून उतरा.

कांदळवनात पाऊल टाकायचं नाही. कांदळवन कक्षाच्या माणसाने सांगितलं तर फळ्या टाकून, कडेकडेने, नाहीतर होडीतून. साबण, डिटर्जंट, तेल ‘विरघळवणारी’ रसायनं किनाऱ्यावर आणि उथळ पाण्यात वापरू नका. ती समुद्रात, खोल पाण्यात, तटरक्षक दलाच्या परवानगीने वापरायची गोष्ट आहे. फुकट पिंप घेऊन येणारा विक्रेता हमखास भेटतो; त्याला चहा पाजून परत पाठवा. तेल जाळायचं नाही, खड्डा करून पुरायचं नाही. पुरलेलं तेल पुढच्या पावसाळ्यात वाळू हलली की परत वर येतं.

दर पावसाळ्यात गोव्यापासून पालघरपर्यंत किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे ही या सगळ्याची घरची उजळणी समजा. पायाला चिकटतात म्हणून आपण हसून सोडून देतो. त्याऐवजी चार माणसं, चार घमेली, वेगळा ढीग, नोंदवही, असं एक सकाळ करून पाहा. कुठे अडतं ते कळतं.

कोळीवाड्याशी रोज बोला

मासळी खावी की नाही, यावर अफवा तासाभरात पसरते. २०१० मध्ये मुंबईच्या बाजारात जे झालं त्यात खोल समुद्रातून, तेलापासून दूर धरलेल्या माशालाही गिऱ्हाईक नव्हतं. मत्स्यव्यवसाय खात्याला नमुने तपासायला लेखी सांगा, आणि अहवाल येईपर्यंत गावात रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसाने माहिती द्यावी. शिंपल्या-कालवं मात्र अहवालाआधी काढू देऊ नका. ती पाणी गाळून जगतात आणि तेल अंगात साठवतात. ती काढणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यांच्या नावावर होडीचा परवाना नसतो, म्हणून भरपाईच्या यादीतून त्याच आधी गळतात. त्यांची यादी आज, शांततेत करा. मच्छीमार सोसायटीच्या यादीवर विसंबू नका.

पैसे परत मिळवायचे असतील तर

तेलवाहू जहाज असेल तर आंतरराष्ट्रीय भरपाई निधीचे नियम लागतात आणि भारत त्यात सदस्य आहे. नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत घटनेपासून सहा वर्षांच्या आत दावा करावा लागतो. रॅक कॅरियर प्रकरणात हरित लवादाचा १०० कोटींच्या भरपाईचा आदेश २०१६ मध्ये आला, घटनेनंतर पाच वर्षांनी. तोवर तुमची बदली झालेली असते, सरपंच बदललेले असतात. टिकते फक्त नोंदवही.

तिच्यात रोज लिहा: किती माणसं, कुणाची नावं, किती तास, काय मजुरी, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, डिझेल, किती पिशव्या, कुठे ठेवल्या, कोणत्या पट्ट्यात काम झालं, आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून. निर्णय का घेतला हेही एका ओळीत. दावा तपासणारा माणूस ‘हे काम गरजेचं होतं का’ हेच विचारतो, आणि जेसीबीच्या सत्तर ब्रासांचं उत्तर देणं कठीण जातं. मच्छीमारांनी आपली मासळीविक्रीची जुनी बिलं, सोसायटीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आधीची कमाई दाखवता आली नाही तर गेलेली कमाई सिद्ध होत नाही.

सरकारी मदतीचा रस्ता वेगळा. मे २०२५ मध्ये केरळसमोर एमएससी एल्सा-३ बुडालं तेव्हा त्या राज्याने ती घटना राज्य आपत्ती म्हणून घोषित केली. आपल्याकडे तसं व्हावं असं वाटत असेल तर पहिल्या दिवशीचा पंचनामा आणि फोटो जिल्ह्याला त्याच दिवशी पोचले पाहिजेत.

एप्रिलची फेरी

हे सगळं वर्षातून एकदा, मासेमारी बंदीच्या आधी, एप्रिलमध्ये तपासा. ताडपत्री उंदरांनी कुरतडली का, साठवणीच्या जागेवर कुणी टपरी बांधली का, वाळूकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेट बसलं का. एक तास सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा: सोसायटीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, आरोग्य केंद्रातले डॉक्टर, ट्रॅक्टरवाले. ‘रात्री दोन वाजता, भरती चढती, खाडीच्या तोंडाशी काळा पट्टा’ एवढंच सांगा आणि कोण काय करतो ते विचारत जा. शेवटी यादीतला प्रत्येक फोन नंबर तिथेच, सगळ्यांसमोर, लावून पाहा. निम्मे अधिकारी बदलून गेलेले निघतील. नवे नंबर घेऊन यादी भिंतीवर लावल्याशिवाय बैठक संपवू नका.